खोकला क्षयाचाच असतो असे नाही

पावसाळा सरत आला, की भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये ओल धरलेल्या लाकडाचा उग्र वास अनेक दिवस रेंगाळत राहतो. वखारीत एकावर एक रचलेल्या फळ्यांपैकी खालच्या थरावर कुठे पांढरट, कुठे हिरवट-काळी बुरी चढलेली असते. कामगार ती हाताने किंवा गोणपाटाने झटकतो आणि फळी करवतीवर चढवतो. लाकडाला काही होत नाही, गिऱ्हाइकाची तक्रार नसते. झटकलेली बुरी मात्र नाहीशी झालेली नसते. ती भुश्याबरोबर हवेत उडते आणि करवतीवर वाकलेल्या माणसाच्या श्वासाबरोबर आत जाते.

अशा कामगाराला खोकला असणे हे या व्यवसायात कोणाला नवल वाटत नाही. ‘भुश्याने होतो’ एवढ्यावर विषय संपतो. खोकला महिना-दीड महिना टिकला, वजन उतरू लागले, थुंकीतून एखाद्या दिवशी रक्त पडले, की घरच्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, क्षय. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण भारतात आहेत, त्यामुळे ही भीती अनाठायी नाही आणि डॉक्टरांनी प्रथम क्षयाचाच संशय घेणे योग्यच आहे. अडचण येते ती पुढच्या टप्प्यावर. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, तरी क्ष-किरण छायाचित्रात डाग दिसतो, म्हणून औषधे सुरू होतात. सहा महिन्यांनी खोकला तसाच राहतो. मग ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून पुन्हा तीच औषधे दिली जातात. अशा काही रुग्णांच्या फुफ्फुसात प्रत्यक्षात क्षयाचा जंतू नसतो, असते ती बुरशी.

हा फरक केवळ नावाचा नाही. बुरशीवर क्षयाची औषधे चालत नाहीत. दुसऱ्या बाजूला, दमा समजून किंवा छातीची सूज समजून दीर्घकाळ स्टिरॉइड दिले आणि आत वाढणारी बुरशी ओळखलीच नाही, तर शरीराची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. लाकूड आणि माती यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्या सुतार, वखारीतील हमाल, सॉ मिलमधील कामगार, बुरूड, माळी, रोपवाटिकेतील मजूर आणि खतखड्डे उपसणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत म्हणूनच ‘काम काय करता?’ हा प्रश्न तपासणीचाच एक भाग ठरतो. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील आपल्या १७०० सालच्या ग्रंथात रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, असे सांगून ठेवले होते. तीन शतकांनंतरही गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न राहून जातो.

दोन-तीन मायक्रॉनचा प्रवासी

बुरशी ही निसर्गाची सफाई कामगार आहे. पडलेले झाड, वाळलेले पान, शेण, काड, भुसा यांचे विघटन तिच्यामुळे होते. ती नसती, तर माती तयार झाली नसती. तिचा प्रसार बीजाणूंमार्फत होतो. ‘ॲस्परजिलस फ्युमिगेटस’ या सर्वत्र आढळणाऱ्या बुरशीचा बीजाणू अवघा दोन ते तीन मायक्रॉनचा असतो. नाकातील केस आणि श्वासनलिकेतील चिकट आवरण मोठी धूळ अडवतात. इतका बारीक कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतो. प्रत्येक माणूस रोज असे शेकडो बीजाणू श्वासावाटे घेत असतो आणि निरोगी फुफ्फुसातील पेशी त्यांचा तेथेच निकाल लावतात. त्यामुळे लाकूडकाम किंवा बागकाम करणाऱ्या प्रत्येकाने धास्ती घ्यावी, असे यात काही नाही. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, हेही घरच्यांनी लक्षात घ्यायला हवे. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याची गरज नसते.

प्रश्न दोन ठिकाणी उभा राहतो. एक, जेथे श्वासावाटे जाणाऱ्या बीजाणूंची संख्या शेकड्यांत न राहता प्रचंड होते, म्हणजे कुजलेला ढीग उपसताना किंवा बुरसटलेले लाकूड कापताना. दुसरे, जेथे फुफ्फुसाचे रक्षण करणारी यंत्रणाच दुबळी असते. मधुमेह, दमा, विडी-सिगारेटने जर्जर झालेली छाती, कर्करोगावरील उपचार, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्हीची बाधा आणि दीर्घकाळ स्टिरॉइडचे सेवन ही त्याची नेहमीची कारणे होत. भारतात याहून मोठे कारण आहे, बरा झालेला क्षय.

क्षय बरा होताना फुफ्फुसात अनेकदा पोकळी मागे ठेवतो. या पोकळीत हवा असते, ऊब असते, पण रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने संरक्षक पेशी पुरेशा पोहोचत नाहीत. बीजाणूला रुजायला याहून सोयीची जागा नाही. तो तेथे वाढतो, जाळे विणतो आणि काही रुग्णांत त्याचा चक्क गोळा तयार होतो. पोकळीत लोंबणारा हा गोळा क्ष-किरण छायाचित्रात चंद्रकोरीसारख्या हवेच्या पट्टीखाली दिसतो. त्याच्या भोवतालच्या रक्तवाहिन्या फुटल्या, तर खोकल्यावाटे एवढे रक्त जाते, की प्राणावर बेतते. क्षयानंतर पोकळी राहिलेल्या ५४४ रुग्णांची पाहणी ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात झाली होती. त्यांतील सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. भारतात या दीर्घकालीन विकाराचे सतरा लाखांहून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. तो अंदाजच आहे, कारण क्षयाप्रमाणे या रोगाची नोंद करण्याची व्यवस्था देशात नाही. तरीही वखारीत काम करणाऱ्या आणि पूर्वी क्षयाचे औषध घेतलेल्या माणसाच्या खोकल्याकडे वेगळ्या नजरेने पाहण्यास तो पुरेसा आहे.

संसर्ग नव्हे, वावडे

बुरशीने फुफ्फुस बिघडण्यासाठी ती तेथे वाढलीच पाहिजे असे नाही. काहींच्या शरीराला तिचे वावडे असते. दम्याच्या रुग्णांत ॲस्परजिलसच्या वावड्यामुळे श्वासनलिकेत चिकट, तपकिरी बोळे साचतात आणि कितीही पंप घेतले तरी दमा आटोक्यात येत नाही. दुसऱ्या प्रकारात फुफ्फुसाचे अस्तरच सुजते. कामावरून आल्यावर चार-सहा तासांनी कणकण, ताप, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते, सोमवारी पुन्हा तेच. फ्लू समजून वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास फुफ्फुस कायमचे कडक होते.

स्वीडनमधील सॉ मिलमध्ये ओले लाकूड भट्टीत वाळवून छाटणाऱ्या कामगारांत हा विकार इतका आढळला, की त्याला ‘लाकूड छाटणाऱ्यांचा रोग’ असेच नाव पडले. त्यामागे लाकडावर वाढलेल्या बुरशा होत्या. साखर कारखान्यांच्या मुलखात याचा भाऊबंद म्हणजे साठवलेल्या उसाच्या चिपाडाने होणारा ‘बगॅसोसिस’. त्याला कारणीभूत सूक्ष्मजीव बुरशीसारखा दिसतो, पण शास्त्रीयदृष्ट्या तो जिवाणूंच्या कुळातला. फुफ्फुसाला या वर्गवारीशी देणेघेणे नसते. अळिंबीची शेती करणाऱ्यांनाही हे ठाऊक असायला हवे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्पातून शिकून अनेकांनी गव्हाच्या काडावर धिंगरी घेण्यास सुरुवात केली. धिंगरीची छत्री पूर्ण उमलेपर्यंत तोडणी लांबवली, तर बंद खोलीत तिच्या बीजाणूंचा अक्षरशः धूर होतो आणि तो या सुजेला निमंत्रण देतो.

देशातील १९ शहरांतून २०१२ ते २०१५ या काळात नोंदवलेल्या फुफ्फुस कडक होण्याच्या विकाराच्या १,०८४ रुग्णांत जवळपास निम्मे, म्हणजे ४७ टक्के रुग्ण याच वावड्याच्या सुजेचे निघाले. त्यांतील मोठ्या संख्येचा संबंध घरातल्या बुरसट एअर कूलरशी जोडला गेला. वखारीतील कामगाराचा विचार करताना, तो दिवसभर भुसा आणि रात्री कूलरची हवा घेत असेल, हेही ध्यानात घ्यावे लागते.

लाकडातले रहिवासी

पावसाळ्यात पुण्याच्या रस्त्याकडेच्या वाळक्या फांद्यांवर, ओंडक्यांवर पंख्याच्या आकाराची, केसाळ, राखाडी-पांढरी छोटी छत्री हमखास दिसते. तिच्या खालच्या बाजूच्या पडद्या मधोमध चिरलेल्या असतात. ‘शायझोफायलम कम्यून’ हे तिचे नाव. मणिपूरमध्ये ती आवडीने खाल्ली जाते. हीच छत्री माणसाच्या श्वासनलिकेत वावड्याचा विकार आणि क्वचित फुफ्फुसात गोळा निर्माण करते, असे भारतासह अनेक देशांतील रुग्णांत आढळले आहे. लाकूड कुजवणारी बुरशी माणसाच्या ३७ अंशाच्या उबेत तग धरत नाही, हा समज त्यामुळे ढासळला.

त्याला आणखी एक धक्का दिला तो कोलकात्यातील एका रुग्णाने. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदीनुसार ६१ वर्षांच्या एका वनस्पती-कवकशास्त्रज्ञाचा आवाज तीन महिने बसला होता. खोकला, थकवा आणि गिळताना त्रास होता. तपासणीत श्वासनलिकेशेजारी गळू आढळले आणि त्यातील पुवात सापडली ती ‘काँड्रोस्टेरियम पर्प्युरियम’, म्हणजे झाडांना ‘रुपेरी पान’ रोग जडवणारी बुरशी. माणसात ती त्यापूर्वी कधी नोंदली गेली नव्हती. रुग्णाला मधुमेह वा प्रतिकारशक्ती घटवणारा कोणताही आजार नव्हता. कुजलेले पदार्थ, अळिंब्या आणि वनस्पतींवरील बुरशा हाताळणे हे त्याचे काम होते. दोन महिन्यांच्या औषधाने तो बरा झाला. या एका उदाहरणावरून साथीची भाकिते करणाऱ्या बातम्या त्या वेळी आल्या. त्या अतिरंजित होत्या. व्यवसाय आणि संसर्ग यांचा धागा मात्र यात सरळ दिसतो.

लाकूड आणि माती यांतून कामगारांचे जथेच्या जथे आजारी पडल्याची उदाहरणे परदेशात आहेत. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुमारे तीन हजार खाणकामगारांना ‘स्पोरोट्रायकोसिस’ झाला. खाणीला आधार देणाऱ्या लाकडी खांबांवर बुरशी वाढली होती आणि त्यांच्या खरचटण्यातून ती त्वचेत शिरत होती. खांबांवर बुरशीनाशकाची प्रक्रिया करताच साथ ओसरली. अमेरिकेत मिशिगन राज्यातील एस्कनाबा येथील कागद कारखान्यात २०२३ मध्ये शंभराहून अधिक कामगारांना ‘ब्लास्टोमायकोसिस’ या फुफ्फुसाच्या संसर्गाने गाठले, एकाचा मृत्यू झाला आणि कारखाना सुमारे तीन आठवडे बंद ठेवावा लागला. ही बुरशी ओलसर माती आणि कुजणाऱ्या लाकडात राहते. भारतात ती विरळ आहे. तेव्हा पुण्याच्या कामगाराने धास्ती घ्यावी ती तिची नव्हे, तर येथे घरोघरी असलेल्या ॲस्परजिलसची.

पुण्यातल्या लाकडाला आणखी एक वाट आहे, पाडलेल्या वाड्यांची. पेठांमधील जुने वाडे पाडताना निघालेल्या सागवानी तुळया, खांब आणि फळ्यांना चांगला भाव मिळतो आणि सुतार त्या रंधून नव्या करतात. पण दशकानुदशके माळ्यावर साचलेली कबुतरांची विष्ठा आणि वटवाघळांची लीद त्या लाकडाबरोबर येते. कबुतरांच्या विष्ठेत ‘क्रिप्टोकॉकस’, तर वटवाघळांच्या लिदीने माखलेल्या मातीत ‘हिस्टोप्लाझ्मा’ वाढू शकतो. पहिला फुफ्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. दुसरा क्षयाची इतकी हुबेहूब नक्कल करतो, की अनुभवी डॉक्टरही चकतात. भारतात हिस्टोप्लाझ्मोसिसचा पहिला रुग्ण १९५४ मध्ये कोलकात्यात नोंदवला गेला. गंगेचे खोरे हे त्याचे मुख्य क्षेत्र असले, तरी महाराष्ट्रातही रुग्ण आढळले आहेत. वाडा पाडणारे मजूर बहुधा तोंडाला पंचा गुंडाळून काम करतात. पंचाच्या विणीतून दोन-तीन मायक्रॉनचा कण सहज पार होतो.

जिवंत झाडेही यातून सुटलेली नाहीत. क्रिप्टोकॉकसची एक जात निलगिरीच्या झाडांवर राहते, हे ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये सिद्ध झाले. भारतात जांभळासारख्या जुन्या झाडांच्या कुजक्या ढोल्यांतून क्रिप्टोकॉकस वेगळा करण्यात आला आहे. फांद्या छाटणाऱ्या, ढोल्या साफ करणाऱ्या कामगारांनी हे लक्षात ठेवावे.

खताच्या ढिगातील वाफ

सोलापूर रस्त्याने मांजरी, उरुळी कांचनकडे जाताना दुतर्फा रोपवाटिकांची रांग लागते. शहरातल्या बंगल्यांच्या बागा, सोसायट्यांची हिरवळ, गॅलरीतल्या कुंड्या यांची माती येथून येते. शेणखत, कोकोपीट, पालापाचोळ्याचे खत आणि लाल माती फावड्याने कालवून पिशव्या भरण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. पदर नाकावर ओढून घेणे हेच त्यांचे संरक्षण.

दुसरीकडे, २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी दिली आणि पुणे महापालिकेने गांडूळखत प्रकल्पासारख्या सोयी करणाऱ्या मिळकतींना करात सवलत देऊ केली. धोरण उत्तम आहे, कचरा डेपोवरचा भार त्याने हलका होतो. खतखड्डा वर-खाली करणारा माणूस मात्र या हिशेबात कोठे दिसत नाही.

चांगल्या तापलेल्या ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जाते. बहुतेक सूक्ष्मजीव तेथे मरतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस मात्र पन्नास अंशांच्या आसपासही वाढतो, आणि ढिगाच्या किंचित थंड कडा तर त्याचे माहेरच. ढीग उलथताच दिसणारी राखाडी ‘वाफ’ अनेकदा निव्वळ वाफ नसते, तीत बीजाणूंचा लोट असतो. ब्रिटनमध्ये ४७ वर्षांच्या एका गृहस्थाने बागेत कुजलेल्या झाडपाल्याच्या पोत्यांतील खत पसरले. पोती उघडताच धुळीचे ढग उठले होते. चोवीस तासांत त्याला ताप, धाप आणि छातीत दुखणे सुरू झाले. न्यूमोनिया समजून प्रतिजैविके दिली गेली. ॲस्परजिलसचे निदान होईपर्यंत उशीर झाला आणि तो दगावला. ‘लॅन्सेट’ने २००८ मध्ये ही घटना प्रसिद्ध केली. असे टोकाचे उदाहरण विरळाच, पण त्यातील चूक विरळ नाही. पोते उघडल्याची हकिकत उशिरा विचारली गेली.

ऑस्ट्रेलियात कुंडीच्या मातीच्या पिशव्यांवर ‘धूळ श्वासावाटे घेऊ नका’ असा इशारा छापलेला असतो. तेथे त्याचे निमित्त बुरशी नसून मातीत राहणारा ‘लिजिओनेला’ नावाचा जिवाणू आहे. उपाय मात्र एकच. पुण्याच्या रोपवाटिकेतून येणाऱ्या सुट्या मातीच्या पोत्यावर काहीच छापलेले नसते.

पिंपरीच्या मातीतले औषध

बुरशीने भरलेल्या याच मातीत तिचा शत्रूही राहतो आणि त्याच्या शोधाचे एक ठिकाण पुण्याच्या शेजारी आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या साहाय्याने पिंपरीत स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी पेनिसिलिनसाठी ओळखली जाते. तिच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीचे नमुने तपासत असत. पिंपरीच्याच मातीतून त्यांना एक ‘स्ट्रेप्टोमायसिस’ मिळाला. गावाच्या नावावरून त्याचे नामकरण ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे झाले आणि त्याने निर्माण केलेल्या बुरशीनाशकाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ हे नाव मिळाले. १९६१ मध्ये त्याचे संशोधन प्रसिद्ध झाले.

त्या काळी शरीराच्या आत शिरलेल्या बुरशीवर वापरता येईल असे औषध जवळजवळ एकच होते, व्हेनेझुएलातील मातीतून मिळालेले ‘ॲम्फोटेरिसिन बी’. ते शिरेतून द्यावे लागे आणि मूत्रपिंडाला घातक ठरे. त्यामुळे तोंडावाटे देता येईल अशा हॅमायसिनबद्दल अमेरिकेतही कुतूहल निर्माण झाले आणि १९६० च्या दशकात तेथे ब्लास्टोमायकोसिससारख्या खोलवरच्या संसर्गाच्या रुग्णांवर ते वापरून पाहण्यात आले. काही रुग्णांना गुण आला, पण औषध आतड्यातून नीट शोषले जात नसे आणि दुष्परिणामही होते. अखेरीस ते मुख्यतः बाह्य उपचारांपुरते उरले. याच प्रयोगशाळेतून निघालेले ‘ऑरिओफंजिन’ पिकांवरील रोगांसाठी वापरले गेले. पिंपरीची ही कामगिरी पुणेकरांच्या स्मरणात फारशी नाही.

बुरशी ओळखण्याच्या कामातही शहराचे नाव मोठे आहे. १९४६ मध्ये शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या आणि १९९२ पासून त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या बुरशांचा आजरेकर संग्रह आणि जिवंत बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे. ज्या शहरात देशभरातील बुरशा जपून ठेवल्या आहेत, त्याच शहरात वखारीतल्या खोकल्याचे नाव लागायला वर्षे लागावीत, हा विरोधाभास बोचणारा आहे.

औषधे बोथट होताना

आज ॲस्परजिलसवर मुख्य भिस्त आहे ती ‘अझोल’ गटातील इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल या औषधांवर. द्राक्षे, भात, गहू यांच्यावर फवारली जाणारी टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही बुरशीनाशके त्यांचीच भावंडे आहेत. लाकूड टिकवण्यासाठीही ती वापरतात. त्यामुळे शेतात, खतात आणि लाकडाच्या ढिगात राहणारी बुरशी रुग्णाला औषध मिळण्याआधीच त्याला सरावते. नेदरलँड्समध्ये फुलांच्या कंदांचा कचरा, हिरवा कचरा आणि लाकडाच्या चिपट्या ही अशा निर्ढावलेल्या बुरशीची प्रमुख ठिकाणे ठरली. भारतातही दिल्लीच्या संशोधकांना २०१२ मध्ये कुंड्यांतील आणि शेतातील मातीत तीच निर्ढावलेली जात सापडली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशांची पहिली यादी जाहीर केली. तीतील १९ बुरशांपैकी सर्वांत वरच्या गटातील चौघींत ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आहेत. २०२१ मध्ये करोनापाठोपाठ आलेल्या ‘म्युकर’ने महाराष्ट्राला बुरशी हा शब्द शिकवला, तोही या यादीत दुसऱ्या गटात आहे. त्याचेही मूळ घर मातीच.

तपासणी आणि खबरदारी

बुरशीची पहिली तपासणी महागडी नाही. थुंकीच्या नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बुरशीचे तंतू दिसू शकतात. त्यानंतर कल्चर, रक्तातील ॲस्परजिलसविरोधी प्रतिद्रव्ये आणि छातीचे सीटी स्कॅन यांनी चित्र स्पष्ट होते. थुंकीत बुरशी सापडली म्हणजे रोग आहेच, असेही नसते, श्वासाबरोबर आलेले बीजाणूही तेथे उगवतात. म्हणून लक्षणे, स्कॅन आणि रक्त यांची सांगड घालावी लागते. क्षयानंतरच्या बुरशीवर औषध किमान सहा महिने चालते. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा महिने औषध घेतलेल्यांत रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. वावड्याच्या सुजेत मात्र खरे औषध म्हणजे त्या धुळीपासून दूर राहणे. हातावर पोट असलेल्याला हे सांगणे सोपे, पाळणे कठीण.

कामाच्या जागी करण्याजोगे बरेच आहे. लाकूड जमिनीवर न ठेवता खाली पट्ट्या देऊन, मध्ये हवा खेळेल असे रचावे. बुरसटलेली फळी कोरडी झटकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. भुसा झाडूने उडवण्यापेक्षा शोषक यंत्राने गोळा करावा आणि ओला भुसा साठवू नये, तो स्वतःच बुरशीचे शेत होतो. लाकडाची धूळ नाकाच्या कर्करोगासही कारणीभूत ठरते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच सांगितले असल्याने शोषक यंत्राचा खर्च दुहेरी कामी येतो. खताचा ढीग उलथण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे, वारा पाठीकडून येईल असे उभे राहावे. मातीच्या पिशवीत तोंड घालून वास घेण्याची सवय सोडावी. रुमालाऐवजी एन-९५ मास्क वापरावा आणि तो नाकाशी घट्ट बसलेला असावा. दमा, मधुमेह किंवा पूर्वी क्षय झालेल्या व्यक्तीला खतखड्डा उपसण्याचे काम देऊ नये.

नुकसानभरपाईची तरतूदही कायद्यात आहे. १९२३ च्या कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत बगॅसोसिस आणि सेंद्रिय धुळीने होणारी वायुकोशांची सूज यांचा समावेश होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आहे. मात्र तिचा उपयोग होण्यासाठी नोकरीचा पुरावा आणि डॉक्टरांनी कागदावर लिहिलेले रोगाचे नाव, दोन्ही हवे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या सुताराकडे पहिले नसते आणि दुसरे क्वचितच असते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयाची तपासणी प्रथम करावी, ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. थुंकीत जंतू सापडले नाहीत, औषधांनी उतार पडला नाही किंवा पूर्वी क्षय होऊन गेला आहे आणि आता पुन्हा रक्त पडते आहे, अशा वेळी लाकूड, माती, खत, पक्ष्यांची विष्ठा यांपैकी कशाशी रोजचा संबंध येतो, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी रुग्णाने स्वतःहून सांगावे आणि बुरशीची तपासणी करून घेण्याबद्दल विचारावे. जुनी क्ष-किरण छायाचित्रे बरोबर न्यावीत. पोकळी आधीपासून होती की नवी आहे आणि तिच्यात काही वाढले आहे का, हे त्यांवरून कळते.